अर्ध्या तयारीचं शिक्षण

१९८३ साली पाबळमध्ये एक शाळा सुरू झाली. शाळेला जे जे लागतं असं आपण धरून चालतो, त्यातलं बरंचसं तिच्यापाशी नव्हतं. सरकारमान्य अभ्यासक्रम नव्हता, नेमलेलं पाठ्यपुस्तक नव्हतं, आणि शिकायला आली ती मुख्यतः शाळेतून गळालेली मुलं. पुढे या आवारातल्या कित्येक इमारती विद्यार्थ्यांनीच बांधल्या. शाळेचं नाव विज्ञान आश्रम. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे एक केंद्र. ते उभं करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग तेव्हा पन्नाशी ओलांडलेले अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेतलं काम, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ जागा. ती सोडून, मुंबईच्या ओढीचा विचार न करता, पत्नी मीरा यांच्यासह ते शिरूर तालुक्यातल्या या पर्जन्यछायेतल्या गावी आले. बाहेरच्या माणसाला पाबळ ठाऊक असलंच तर मस्तानीच्या समाधीमुळे.

कलबागांकडे पदव्यांची तयारी भरपूर होती. पण गावात शाळा चालवण्याची कुठली आली? त्यांनी ती आधी मिळवली नाही. शास्त्रज्ञाच्या सवयीनं त्यांनी या सगळ्याला प्रयोग मानलं: हातानं काम करत शिकणं ही माणसाची मूळची रीत असेल, तर दुष्काळी गावातल्या, शाळेनं टाकून दिलेल्या मुलांनाही ती लागू पडायला हवी. पडते का, ते करून बघू.

हे पुस्तक उद्योजकाच्या वृत्तीबद्दल आहे, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल: ‘आपण अजून तयार नाही’ असं वाटत असतानाच काम हाती घेण्याबद्दल. या विषयावर मराठीत भाषणं उदंड झाली. बहुतेकांचा सूर एकच, की मराठी माणूस धाडस करत नाही. मला हा सूर खटकतो. खिशात चार महिन्यांचा पगार आणि मागे बापाचा फ्लॅट असलेल्या मुलाला ‘झोकून दे’ म्हणणं सोपं आहे. दोन एकर जिरायत आणि सोसायटीचं कर्ज असलेल्या घरातल्या मुलाला तेच सांगणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा त्याला नुकसान भरून द्यायचं नसतं.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण त्या भाषणांत हमखास येते. म्हण खरी आहे. सांगणारे ती निम्मीच सांगतात. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधत. पुढे पत्र्याचा रिकामा डबा आला, मग प्लॅस्टिकचा कॅन. कमरेला दोर, दोराचं टोक काठावर चुलत्याच्या हातात, आणि खाली पायरीवर एखादा पट्टीचा पोहणारा मामा. पोराला ढकलायचं ते एवढा बंदोबस्त झाल्यावर. तयारी नव्हती ती एकट्या पोराची. विहीर, दोर आणि मामा यांची तयारी पक्की होती. पाबळमध्ये कलबागांनी जे उभं केलं ते मला या बंदोबस्तासारखं वाटतं, आणि उद्योजकतेच्या चर्चेत नेमका तोच भाग गाळला जातो.

तिथलं शिक्षण कसं चालतं ते थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण वृत्ती घडते ती तपशिलातच. एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. तिथली मुलं त्याला ‘डीबीआरटी’ म्हणतात. त्यात चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. एकाच विद्यार्थ्यानं वेल्डिंगही करायचं, वायरिंगही, रोपवाटिकाही आणि पदार्थ टिकवणंही. एवढ्या गोष्टींत कुणी निष्णात होत नाही, असा आक्षेप लगेच येतो. बरोबर आहे, होत नाही. पण गावात धंदा करणाऱ्याला एका कामावर बारा महिने भागवता येत नाही. दिवाळीनंतर गेटची आणि शेडची कामं, उन्हाळ्यात मोटारींची, पावसाळ्यात काहीच नाही. चार कामं बऱ्यापैकी येणारा माणूस तिथे टिकतो. शिवाय चार वेळा नवखेपणातून गेलेल्याला पाचव्या वेळी नवखेपणाची भीती वाटत नाही. हा दुसरा फायदा मला पहिल्याहून मोठा वाटतो.

आश्रमाचे घुमट घ्या. पाबळचा घुमट म्हणून ही रचना ओळखली जाते: लोखंडी अँगलच्या तुकड्यांचे त्रिकोण जोडत जायचे, वर जाळी आणि सिमेंटचा पातळ थर. मूळ कल्पना अमेरिकेच्या बकमिन्स्टर फुलरनी गेल्या शतकाच्या मध्याला गाजवलेली. साध्या घुमटाला दोनच लांबीचे तुकडे पुरतात. म्हणजे ज्याला टेपनं मोजता येतं, सरळ कापता येतं आणि खुणेवर भोक पाडता येतं, तो मुलगा घर बांधण्यात हातभार लावू शकतो. पण यात एक मेख आहे. प्रत्येक तुकड्यात दोन-तीन मिलिमीटरची चूक झाली तर पहिले त्रिकोण बिनतक्रार जुळतात. चुका साठत जातात आणि शेवटची भोकं समोरासमोर येत नाहीत. मास्तरांना लाल शाई वापरावी लागत नाही. लोखंडच सांगतं. मग उतरवा, मोजा, पुन्हा भोक पाडा. चार तासांचं काम वाया गेलं, थोडा माल वाया गेला, कुणाचं घर कोसळलं नाही. दहावीत गणितात नापास झालेल्या मुलाला मापाच्या अचूकतेचं महत्त्व याहून स्वस्तात कुठे कळेल?

दुसरं उदाहरण पाण्याचं. शिरूरच्या या पट्ट्यात जमिनीखाली काळा पाषाण. पाणी मिळतं ते त्याच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत; अखंड थर लागला की बोअर कितीही खोल न्या, कोरडी. जागा कोण दाखवायचा? तळहातावर नारळ उभा करून शेतात फिरणारा पाणाड्या. आश्रमानं तिथे जमिनीचा विद्युतरोध मोजायचं यंत्र आणलं. चार खुंट्या एका ओळीत ठोकायच्या, कडेच्या दोनांतून वीज सोडायची, मधल्या दोनांत किती दाब उमटतो ते नोंदवायचं. खुंट्यांतलं अंतर वाढवत नेलं की आणखी खालच्या थरांचा अंदाज येतो. ओल्या भेगाळ थराचा रोध कमी, कोरड्या अखंड खडकाचा जास्त. आकडे आलेखावर मांडले की भौतिकशास्त्राचा एक अख्खा धडा शेतात उभा राहतो. आणि हे काम फी घेऊन करून देता येतं.

‘फी घेऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शाळेतल्या प्रात्यक्षिकात आपण खोटं काम करतो: लाकडाचा सांधा करायचा, मार्क मिळाले की अडगळीत टाकायचा. पाबळच्या पद्धतीत गावाला खरोखर हवी असलेली वस्तू किंवा सेवा हेच शिकण्याचं साधन. माती तपासून द्यायची, मुलींनी गावात हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासायचे, कुणाच्या गोठ्याला गेट करून द्यायचं. त्यासोबत खर्चाचा हिशेब लिहायचा. हा हिशेब पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण लोखंडाची किंमत अचूक लिहितो आणि वेल्डिंगचे रॉड विसरतो. रॉड आठवले तर ग्राइंडरची चाकती विसरते. वीज, माल आणायला शिक्रापूरला मारलेली फेरी, यंत्राचा घसारा, आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ लाजत, स्वतःची मजुरी. गावाकडच्या मुलाला आपल्या श्रमाला भाव असतो हे कुणी सांगितलेलं नसतं. घरच्या शेतात त्यानं जन्मभर फुकट राबलेलं असतं. आपल्या घामासमोर आकडा लिहिता येणं ही माझ्या मते उद्योजकतेची पहिली इयत्ता. ती धाडसाच्या भाषणातून पास होत नाही.

हीच पद्धत लहान स्वरूपात आसपासच्या माध्यमिक शाळांतही गेली. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस या चार विभागांत काम. ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या नावानं तो विषय पुढे एसएससी बोर्डानंही मानला. शिकवायला शक्यतो गावातलाच कारागीर, ज्याचं पोट त्याच कामावर आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. पगारी शिक्षकाला चुकीची किंमत ठाऊक नसते. कारागीर मात्र सांगतो, ‘हा तुकडा वाया घालवलास, साठ रुपये गेले.’

या सगळ्याला वर्धा शिक्षण परिषदेतल्या १९३७च्या नई तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाच्या योजनेची, पार्श्वभूमी आहे, भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ची आहे, ती सर्वज्ञात म्हणून इथे थांबत नाही. थोडं थांबायला हवं ते एका अलीकडच्या संशोधनाशी. सरस सरस्वती या मूळच्या भारतीय अभ्यासक बाईंनी अमेरिकेत, अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या हर्बर्ट सायमन यांच्या मार्गदर्शनाखाली, कंपन्या उभ्या केलेल्या २७ अनुभवी उद्योजकांसमोर एक काल्पनिक धंदा ठेवला आणि त्यांना मोठ्यानं विचार करायला सांगितलं. अपेक्षा अशी की ही मंडळी आधी बाजाराचा अभ्यास करतील, उद्दिष्ट ठरवतील, मग साधनं जमवतील. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातली मांडणी उलटी होती. हे लोक सुरुवात करतात हाताशी असलेल्यापासून: मी कोण, मला काय येतं, मी कुणाला ओळखतो. आणि नफा किती होईल यापेक्षा आधी विचारतात, बुडालं तर किती बुडालेलं मला सोसेल? जिथे तेवढंच बुडेल तिथून ते लगेच कामाला लागतात, आणि उद्दिष्ट वाटेत घडत जातं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये आत्मविश्वासाच्या उगमाबद्दल लिहिलं तेही याच दिशेचं: धीराच्या शब्दांनी थोडा फरक पडतो, स्वतः एखादं काम पार पाडल्यानं सर्वाधिक पडतो. म्हणजे ‘तयार आहे’ ही भावना कामाआधी शोधणाऱ्याला ती सापडणार कुठून?

आपण मात्र तिची वाट बघायला फार चांगल्या सबबी शोधल्या आहेत. पूर्वी साडेतीन मुहूर्त होते. ते निदान दरवर्षी येत. आता मुहूर्त म्हणजे आणखी एक कोर्स, आणखी एक प्रमाणपत्र, नाही तर कर्जाची मंजुरी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. त्यात प्रकल्पाच्या खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. योजना वाईट नाही. पण तिच्या रचनेत एक मोह आहे. अनुदान टक्क्यांत मिळतं, म्हणून प्रकल्प मोठा दाखवावासा वाटतो. पहिलं गिऱ्हाईक भेटायच्या आत दहा लाखांची यंत्रं शेडमध्ये येतात, प्रोजेक्ट रिपोर्ट तिसऱ्याच माणसानं टाइप केलेला असतो, आणि मुलाला पहिला हप्ता भरताना पहिल्यांदा धंदा समजतो. इथे कागदावरची तयारी शंभर टक्के असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट या संदर्भात पुन्हा वाचावी. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावात आले. तिथे भावाबरोबर १८८८ साली काढलेलं सायकलींचं दुकान होतं; सायकल चालवायलाही शिकवलं. त्यातून दुरुस्ती, त्यातून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगरांना सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडानं जमीन नासते असा समज होता. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आधार दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आपण शेवटचं पान आधी वाचतो, म्हणून हा माणूस पहिल्यापासून कारखाना काढायला निघाला होता असं वाटतं. बावीस वर्षं तो प्रत्येक वेळी हातातल्या कामातून पुढचं काम काढत होता. आणि ऐन वेळी औंधचे राजे काठावर उभे होते, हेही विसरून चालणार नाही.

आता या पुस्तकाच्या विरोधातला मुद्दा, कारण तो दडपला तर प्रस्तावना लिहिण्यात अर्थ नाही. तयारी नसताना सुरुवात करावी, हे कुठल्या कामाला लागू नाही? माझी कसोटी साधी आहे: चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडते, आणि ती दुरुस्त होते का. गेट वाकडं झालं तर कापून पुन्हा जोडता येतं. घराचं अर्थिंग चुकलं तर ते कळायला कुणाला तरी शॉक बसावा लागतो. लोणच्यात मीठ कमी पडलं आणि बरण्या विकल्या गेल्या, तर शिकणाऱ्याच्या चुकीचा भुर्दंड खाणाऱ्याच्या पोटाला. पाण्याची जागा दाखवणंही याच जातीचं काम आहे: अंदाज चुकला तर बोअरवाल्याचे पैसे शेतकऱ्यानंच मोजायचे असतात. अशा कामात आधी ज्या विहिरींचं पाणी ठाऊक आहे त्यांच्याशेजारी खुंट्या ठोकून आपला आलेख खरा बोलतो का ते पाहायचं. परक्याच्या बांधावर नंतर जायचं. सुई टोचायची तर आधी जाणत्याच्या नजरेखाली हात बसवायचा. ‘करून बघू’ ही मुभा ज्याच्या नुकसानीत आपण भागीदार आहोत, किंवा ज्याचं नुकसान आपण भरून देऊ शकतो, तिथवरच.

आणखी एक गोष्ट शहरातल्या वाचकाला चटकन कळत नाही. पुण्यात धंदा बुडाला तर माणूस दुसऱ्या पेठेत जाऊन दुसरा धंदा काढतो. गावात बुडालेलं दुकान दोन पिढ्या लक्षात राहतं. पोराच्या लग्नाच्या बैठकीतही ते निघतं. पोल्ट्रीत मर आली, शेड रिकामी पडली, की जाणारा-येणारा रोज ती बघतो. मुलीनं वेल्डिंगचा रॉड हातात धरला आणि पहिला जोड तुटला, तर नुसता जोड तुटत नाही, ‘मुलींचं काम नव्हे’ हे सिद्ध होतं. म्हणून लहान चुका झाकल्या भिंतीआड करायला मिळणं ही चैन नाही, गरज आहे. एखाद्या आवारात वीस जण रोज चुकत असतील तर कुणाचीच चूक बातमी होत नाही. आश्रमासारख्या जागेची ही सेवा कुठल्या अहवालात मोजता येणार नाही, पण ती मला फार मोठी वाटते.

उधारीचंही तसंच. नव्या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक हा बहुधा पाहुणा असतो, आणि पाहुणा बिल मागत नाही. ‘आपलाच हाय, पुढच्या महिन्यात बघू.’ तो महिना ऊस गेल्यावर येतो, नाही तर कांद्याला भाव आल्यावर. शेजारच्या दौंडच्या बागायत पट्ट्यात निदान कारखान्याचं किंवा गुऱ्हाळाचं बिल येतं, पाबळकडे त्याचीही खात्री नाही. अशा वेळी मामाकडे पैसे मागण्याचं धैर्य भांडवल उभारण्याच्या धैर्यापेक्षा जास्त लागतं. शिकत असतानाच बिल फाडायची, त्यावर सही घ्यायची सवय लागली असेल, तर नात्याला बिलाचा आडोसा मिळतो: मी नाही मागत, संस्थेचा नियम आहे.

शिरूर तालुका १९८३चा राहिलेला नाही. रांजणगावची एमआयडीसी, पुणे-नगर रस्त्यावर सणसवाडी-शिक्रापूरचे कारखाने, पलीकडे चाकण. मुलगा अठरा वर्षांचा झाला की ठेकेदाराच्या गाडीत बसतो. पगार दर महिन्याला येतो, म्हणून त्याला नावं ठेवण्यात मतलब नाही. पाबळसारख्या ठिकाणी शिकलेले सगळेच धंदा काढतात असंही नाही, आणि काढलाच पाहिजे असं मला वाटतही नाही. ठेकेदारीवर काम करत असताना शनिवार-रविवारी शेड बांधून देणारा मुलगा या पुस्तकाचा वाचक आहे. त्याचं बुडालं तर एका रविवारची मजुरी बुडते.

आश्रमानंही पुढची पावलं त्याच रीतीनं टाकली. जुन्या जीपच्या सुट्या भागांपासून छोट्या शेतकऱ्याला परवडेल असा ‘मेकबुल’ ट्रॅक्टर तिथे घडला. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्यानं तिथे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक. गेर्शेनफेल्ड यांच्या २००५च्या ‘फॅब’ या पुस्तकात कलबाग आणि पाबळ दोघेही भेटतात. तिथे आधी कुठले प्रश्न पुढे आले हे बघण्यासारखं आहे: दुधाची प्रत कशी तपासायची, डिझेल इंजिन नीट कसं लावायचं. यंत्र जगातलं सगळ्यात नवं, प्रश्न डेअरीच्या रांगेतला. २००३ साली कलबाग गेले. काम चालू आहे, आणि एका माणसाच्या उत्साहावर उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या संस्थांचा इतिहास पाहता हे सहज घडलं असं कुणी समजू नये.

पुढची प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. ज्याच्या हातात आजच एखादं काम आलं आहे त्यानं सरळ खर्चाच्या हिशेबाचं प्रकरण उघडावं आणि कागद-पेन घेऊन बसावं. ज्याचे पैसे पाहुण्यांत अडकलेत त्यानं उधारीचं. कर्जाचं प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवायला सुचवलं. बँकेत जाण्याआधी किमान पाच बिलं आपल्या नावानं फाटलेली असावीत, असं माझं मत आहे, आणि लेखकांना ते थोडं कडक वाटतं. आमचा त्यावरचा वाद मिटलेला नाही. वाचकानं आपली पाच बिलं फाडून मग ठरवावं.